छर्रे लागले तर 'दगड' लिहून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मालवणच्या बंदरावर मासळी उचलते आणि पहाटे कणकवलीच्या बाजारात पोचवते. गेल्या ऑक्टोबरात, भात पिकून उभं असताना, कट्टा गावाच्या पुढे माझ्या पिकअपला बंदुकीचा बार लागला. कुणीतरी रानडुकरावर झाडलेला असणार. डावी काच भुगा झाली, दरवाजाला सात भोकं पडली, हेडलाइट आणि मडगार्ड गेलं. शेजारी बसलेला भाचा पाण्याची बाटली घ्यायला वाकला होता, म्हणून वाचला. काचेचा चुरा पडलेले बांगड्यांचे दोन क्रेट टाकून द्यावे लागले.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते असं : "वैनी, दगड लागलो आसतलो, तसाच लिवतंय." मी सीटच्या फोममध्ये सापडलेला छर्रा टेबलावर ठेवला आणि 'बंदुकीचे छर्रे' हे शब्द घातल्याशिवाय हललेच नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. तीही घेऊन आले. पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर उभं राहिलं.

कारण विमा कंपनीत सांगितलं गेलं की गोळीबार पॉलिसीत बसत नाही, ते युद्धासारखं झालं. मी चष्मा लावून पॉलिसी वाचली. वगळलंय ते युद्ध, परकीय आक्रमण, बंड वगैरे. कट्ट्याला कुठलं युद्ध चाललंय? उलट बाहेरच्या कारणाने झालेला अपघात, दुष्ट हेतूने केलेलं नुकसान, दंगल, दहशतवादी कृत्य हे सगळं भरपाईच्या यादीत आहे. म्हणजे बार चुकून लागलेला असो की मुद्दाम मारलेला, दोन्हीकडून बसतं. फक्त पॉलिसी 'पॅकेज' हवी. सक्तीची थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारी, तेवढी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी छदामही मिळत नाही, आणि आमच्या बंदरावरच्या कितीतरी टेम्पोंना तेवढीच असते.

दुरुस्तीचं बिल झालं ३०,२०० रुपये, मला मिळाले १३,०००. यात फसवणूक नाही, माझं अज्ञान आहे. मालवाहू गाडीचे दिवे, मडगार्ड, बंपर आणि रंग यासाठी 'आयएमटी २३' नावाचा जादा हप्ता भरावा लागतो; तो मी भरला नव्हता, म्हणून १२,५०० तिथेच गेले. दरवाजा १२,००० चा, पण गाडी चार वर्षांपेक्षा जुनी, त्यामुळे पत्र्यावर ३५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. काचेवर घसारा नसतो, ती पूर्ण मिळाली. मजुरीही मिळाली. शेवटी ५०० रुपये सक्तीची वजावट. शिवाय चार वर्षं क्लेम न केल्याने मिळणारी ४५ टक्के सूट पुढच्या हप्त्यात शून्यावर आली. गाडी पंचनाम्यासाठी अकरा दिवस ठाण्याच्या आवारात उभी होती, तेव्हाच्या भाड्याच्या टेम्पोचे पैसे माझ्या पॉलिसीतून मिळाले नाहीत. फोटो आणि पंचनामा करून गाडी बंधपत्रावर लवकर सोडावी, ती ठाण्यात कुजवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलेलं आहे, हे मला वकिलाकडून बाराव्या दिवशी कळलं.

विमा कंपनीने नुकसान बघायला पाठवलेल्या सर्व्हेअरचं म्हणणं होतं की भोकांना लांबी (पुटी) भरून रंग मारा. कुडाळच्या आमच्या मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "खाऱ्या वाऱ्यात आतून गंज धरतलो, एक पावस काढूचो नाय." त्याने दरवाजाच्या आतलं अस्तर उघडून दाखवलं : दोन छर्रे खाली पडलेले आणि काच वर-खाली करायची मशीन चेमटलेली. ते फोटो पाठवल्यावर नवा दरवाजा मंजूर झाला. तेव्हा कुणाच्या गाडीवर अशी वेळ आली तर आतून उघडल्याशिवाय अंदाजपत्रकावर सही करू नका.

राहता राहिला झाडणारा. तो अजून सापडलेला नाही. डुकरं भाताची काय नासाडी करतात ते मला माहीत आहे, माझ्या माहेरची शेती आहे. बंदूकवाल्यांवर माझा राग नाही. पण निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात, म्हणजे यादी ठाण्यात आहे. मग भात पिकायच्या आधी त्याच यादीतल्या लोकांना एकदा बोलावून रस्त्याच्या दिशेने बार काढू नका, एवढं सांगायला काय हरकत आहे? यंदाच्या सप्टेंबरात आमच्या तालुक्यात ही बैठक व्हावी.

— एक मासळीविक्रेती, मालवण
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे)