‘पुन्हा कम्पाइल केले की झाले’ हे डेटाबेसला लागू नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत सर्व्हर एक्स८६ (इंटेल, एएमडीचे) प्रोसेसरवरून आर्म प्रोसेसरवर नेण्याविषयीचा लेख वाचला. विजेच्या बचतीबद्दल त्यात लिहिले आहे ते पटले. मात्र ‘डेटाबेससारखे सी भाषेतले सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा कम्पाइल केले (त्याच्या यंत्रभाषेत उतरवले) की काम झाले’ या वाक्यावर गप्प बसवेना. डेटाबेसच्या अगदी तळाशी, जिथे डिस्कवरची पेजेस मेमरीत येतात, लॉक लागतात आणि लॉग (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंदवही) लिहिला जातो, तिथला कोड मी रोज वाचते, दुरुस्त करते. तिथे गणित उलटे असते. कम्पाइलरने कुरकुर केली तर बरेच, निदान कुठे बघायचे ते कळते. विनातक्रार कम्पाइल झालेला कोडच पुढे महिनोन् महिने छळतो.

मेमरीच्या क्रमापासून सुरुवात करते, कारण आमच्याकडे सगळ्यात महाग पडलेले प्रकरण तेच. एक थ्रेड (प्रोग्रॅममधला समांतर चालणारा धागा) लॉगची नोंद तयार करून रांगेतल्या ठरलेल्या जागी ठेवतो आणि मग ‘नोंद तयार’ असा फ्लॅग १ करतो. दुसरा थ्रेड फ्लॅगवर नजर ठेवून असतो. तो १ झाला की नोंद उचलायची, तिचा चेकसम (बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढायचा आणि दोन्ही डिस्कवर लिहायचे. कोड माझ्या आधीच्या पिढीचा, एक्स८६वर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला. एक्स८६ हा प्रोसेसर एका कोअरने (चिपमधल्या एका गणकाने) एकामागून एक केलेले दोन राइट इतर कोअरना त्याच क्रमाने दाखवतो. आधीचा राइट वाटेत असताना पुढचा रीड उरकून घेण्याची तेवढी मुभा त्याला असते. आर्म आणि आयबीएमचा पॉवर यांच्यावर असे बंधन नाही. तिथे फ्लॅग आधी दिसू शकतो, नोंद मागाहून. किंवा वाचणाऱ्या बाजूनेच नोंद आधी वाचून ठेवलेली असते आणि फ्लॅग नंतर तपासला जातो. मग दुसरा थ्रेड त्या जागेत गेल्या फेरीत पडून राहिलेले जुने बाइट उचलतो.

आता गंमत बघा. चेकसम कशावर काढला? त्याच जुन्या बाइटांवर. म्हणजे तो जुळणारच. डिस्कवर गेली ती सर्वांगाने निर्दोष दिसणारी, पण चुकीची नोंद. सर्व्हर बंद पडून पुन्हा उभा राहीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. लॉग पुन्हा वाजवताना मात्र एक बदल दोनदा होतो आणि एक होतच नाही. अशा वेळी सगळे डिस्कवर संशय घेतात, मग फाइल सिस्टिमवर, मग ग्राहकाच्या कोडवर. फ्लॅगच्या त्या एका ओळीकडे बघायचे कुणाच्या मनातही येत नाही, कारण ती ओळ ‘कायम चालत आलेली’ असते.

औषध साधे आहे. २०११च्या सी आणि सी प्लस प्लसच्या मानकांत अ‍ॅटॉमिक व्हेरिएबल (अनेक थ्रेडांनी सुरक्षितपणे वापरायचे) आले. फ्लॅग लिहिताना ‘रिलीज’ आणि वाचताना ‘अक्वायर’ असे सांगितले की क्रम पक्का होतो. एक्स८६वर त्यासाठी एकही जादा इन्स्ट्रक्शन निघत नाही, फक्त कम्पाइलरला त्या ओळींची अदलाबदल करता येत नाही. ६४ बिट आर्मवर लिहिण्या-वाचण्याच्या साध्या एसटीआर आणि एलडीआर इन्स्ट्रक्शनच्या जागी क्रम पाळणाऱ्या एसटीएलआर आणि एलडीएआर निघतात. जुन्या मंडळींचा भरवसा सी मधल्या व्होलाटाइल या शब्दावर असतो. पण व्होलाटाइल कम्पाइलरपुरते आहे, प्रोसेसर त्याला जुमानत नाही. नव्या मंडळींचा भरवसा रस्ट या भाषेवर असतो. तिथेही ‘रिलॅक्स्ड’ (क्रमाची हमी नको) लिहून ठेवले तर हाच घोळ होतो, भाषा वाचवत नाही.

यावर ‘आम्ही इम्युलेटरवर तपासले होते’ असे उत्तर हमखास येते. आर्मसाठी बांधलेला डेटाबेस एक्स८६ यंत्रावर क्यूइएमयू या इम्युलेटरमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवला, तर खाली मेमरीला हात लावणारा प्रोसेसर एक्स८६च राहतो. आर्मला असलेली क्रमाची मोकळीक तिथे दिसणार कशी? याच गोष्टीची दुसरी बाजू अ‍ॅपलने दाखवली. २०२०मध्ये एम१ चिप आणताना जुने एक्स८६ प्रोग्रॅम तिच्यावर नीट चालावेत म्हणून त्यांनी चिपमध्येच एक्स८६सारखा कडक क्रम पाळणारा मोड ठेवला. खुद्द चिप बनवणाऱ्यांना ज्या फरकासाठी सिलिकॉन खर्च करावेसे वाटले, तो फरक आपल्या लेखात एका ओळीत उडवून लावला आहे.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये हे काम कसे केले आहे ते बघण्यासारखे आहे. पूर्वी तिथे भिस्त स्पिनलॉकसाठी (मोकळे होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायच्या लॉकसाठी) हाताने लिहिलेल्या प्रत्येक प्रोसेसरच्या असेम्ब्लीवर होती. ९.५ आवृत्तीत अ‍ॅटॉमिक क्रियांचा स्वतंत्र थर आला. वरच्या कोडने ‘तुलना करून बदल’ किंवा ‘बॅरिअर’ (इथे क्रम पाळा) एवढेच म्हणायचे, आणि प्रत्येक प्रोसेसरच्या खोडी खालच्या त्याच्या त्याच्या फाइलीत निस्तरायच्या. त्याच आवृत्तीत डीईसी अल्फा या जुन्या प्रोसेसरला निरोप मिळाला. अल्फाचा क्रम इतका सैल की पॉइंटर नवा दिसावा आणि त्याने दाखवलेला मजकूर मात्र जुना, हेही तिथे शक्य होते.

आता डिस्कवरच्या फाइलींकडे येते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची फाइल एका यंत्रावरून उचलून कुठल्याही दुसऱ्या यंत्रावर ठेवा, उघडते. कारण आतले सगळे आकडे मोठा बाइट (आकड्यातला सर्वांत जास्त किमतीचा) आधी या एकाच क्रमाने लिहायचे हे फॉरमॅटमध्येच ठरलेले आहे. खालचा प्रोसेसर कुठला याच्याशी फाइलीला देणेघेणे नाही. मात्र त्याच एसक्यूलाइटमध्ये लॉगचा जो इंडेक्स शेअर्ड मेमरीत ठेवतात, तो त्या यंत्राच्या स्वतःच्या बाइट क्रमात असतो. तो कुठे जायचाच नसतो आणि हरवला तर पुन्हा बांधता येतो, मग उलटापालट कशाला करा? काय प्रवासाला जाणार आणि काय घरीच राहणार याचा असा विचार सुरुवातीलाच झालेला असला, की पुढच्या लोकांचे आयुष्य सुखाचे होते. मायएसक्यूएलचे स्टोरेज इंजिन इनोडीबीही चार बाइटांचा आकडा पेजवर लिहिताना तो एकेक बाइट सुटा करून लिहिते. दिसायला हे संथ वाटते, पण कम्पाइलरला असे नमुने ओळखता येतात आणि तो त्यातून बाइट उलटवणारी एखादीच इन्स्ट्रक्शन काढू शकतो.

पोस्टग्रेस यात वेगळे आहे. त्याच्या डेटा फाइली यंत्राच्याच बाइट क्रमात आणि अलाइनमेंटमध्ये (आकडे कितीच्या पटीतल्या जागी ठेवायचे त्या नियमात) असतात, म्हणून एक्स८६वरची डेटा डिरेक्टरी मोठा बाइट आधी लिहिणाऱ्या आयबीएमच्या एस३९०एक्स या मेनफ्रेमवर नेऊन चालत नाही. डंप करून (मजकुराच्या रूपात बाहेर काढून) पुन्हा भरावी लागते. मला हा निर्णय खटकत नाही, कारण तो लपवलेला नाही. कंट्रोल फाइलमध्ये १२३४५६७.० ही संख्या लिहून ठेवलेली असते, अलाइनमेंटही नोंदवलेली असते, आणि सुरू होताना ही माहिती जुळली नाही तर सर्व्हर उभाच राहत नाही. खटकतो तो तिसरा प्रकार, आणि कंपन्यांच्या बंद कपाटातल्या कोडमध्ये तोच बोकाळलेला असतो: सी मधले स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या आकड्यांचा गठ्ठा) जसेच्या तसे उचलून डिस्कवर ओतायचे. चार बाइटांचा पेज क्रमांक आणि त्यामागे लॉगमधली जागा सांगणारा आठ बाइटांचा आकडा, एवढेच स्ट्रक्ट घ्या. ३२ बिट एक्स८६ लिनक्सवर ते १२ बाइटांचे भरते, ३२ बिट आर्मवर १६चे. दोन्हींचा बाइट क्रम एकच असूनही.

आणि आता या पत्राचे खरे कारण, ज्यात मराठीचा थेट संबंध येतो. सी मध्ये नुसते ‘चार’ (char, म्हणजे एका बाइटाचे अक्षर; ४ हा आकडा नव्हे) असे लिहिले तर तो प्रकार ऋण संख्या धरणारा की न धरणारा, हे भाषेने ठरवलेले नाही. एक्स८६ लिनक्सवर तो ऋण धरतो, आर्म लिनक्सवर धरत नाही. इंग्रजी अक्षरांचे सगळे बाइट १२७च्या आत असल्याने इंग्रजीला याचा काच नाही. आपला ‘क’ यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये २२४, १६४, १४९ असा तीन बाइटांत बसतो. हेच बाइट एक्स८६वर ‘चार’ (char) म्हणून वाचले तर उणे ३२, उणे ९२, उणे १०७ होतात. म्हणजे इंग्रजी ‘ए’पेक्षा ‘क’ एका प्रोसेसरवर लहान ठरतो आणि दुसऱ्यावर मोठा! अशा तुलनेवर उभा केलेला इंडेक्स (झाडासारखी रचलेली शोधसूची) एका यंत्रावर बांधला आणि दुसऱ्यावर त्यात शोधले, तर शोध झाडाच्या भलत्याच फांदीवर जातो आणि ‘नोंद नाही’ म्हणून परत येतो. एरर नाही, इशारा नाही. नोंद टेबलात आहे, पण इंडेक्समधून सापडत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. शब्दांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून शोधणाऱ्या पोस्टग्रेसच्या पीजी-ट्रायग्राम या एक्स्टेंशनमध्ये नेमकी अशीच तुलना होती. मूळ सर्व्हर एक्स८६वर आणि त्याची स्टँडबाय (अडीअडचणीला तयार ठेवलेली) प्रत आर्मवर असेल, तर प्रतीवर चुकीची उत्तरे येऊ शकत. कंट्रोल फाइलची तपासणी इथे हरकत घेत नव्हती, कारण बाइट क्रम सारखा, अलाइनमेंट सारखी, दशांश संख्येची मांडणीही सारखी. शेवटी २०२५मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत ‘चार’ (char) ऋण धरतो की नाही याची नोंदही कंट्रोल फाइलमध्ये होऊ लागली. इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडची ही कथा असेल, तर एखाद्या संस्थेने स्वतःपुरत्या लिहिलेल्या स्टोरेज कोडबद्दल काय बोलावे? आणि त्याच्या चाचण्या बहुतेक वेळा इंग्रजी नावांवर लिहिलेल्या असतात, म्हणून सगळ्या हिरव्या.

बाकीचे फरक पटापट सांगते. पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्स८६ ट्रॅप देतो (काम थांबवून चूक कळवतो), ६४ बिट आर्म मुकाट्याने शून्य हे उत्तर देतो. ट्रॅप पकडून ‘शून्याने भागाकार’ अशी एरर देण्यावर जो डेटाबेस विसंबून आहे, तो आर्मवर ग्राहकाला शून्य दाखवेल. भागण्याआधी भाजक तपासायलाच हवा. कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) बऱ्याच यंत्रांवर ६४ बाइटांची, पॉवरवर १२८ची, एस३९०एक्सवर २५६ची. यात उत्तर चुकत नाही, वेग जातो. मेमरी पेज ४०९६ बाइटांचेच असते असे धरून चाललेला कोड १६ किंवा ६४ किलोबाइटांच्या पेजच्या यंत्रावर फाइल मॅप करताना ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून पहिल्या मिनिटात कोसळतो. असे कोसळणारे दोष मला मनापासून आवडतात.

चांगले उदाहरणही द्यायला हवे. लॉगच्या नोंदींसाठी पोस्टग्रेस सीआरसी-३२सी हा चेकसम वापरते. त्यासाठी एक्स८६मध्ये एसएसई ४.२ची इन्स्ट्रक्शन आहे, आर्म व्ही८मध्ये वेगळी आहे, आणि दोन्ही नसतील तिथे टेबल वापरून तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये काढतात. वाट कुठलीही धरली तरी उत्तर बाइटागणिक तेच. अशा कोडला पोर्टेबल म्हणण्यात काही अर्थ आहे.

आमच्या क्षेत्रात हिशेब बघणारे दर वर्षी विचारतात की एकही ग्राहक नसलेले ते मोठा बाइट आधी लिहिणारे यंत्र चाचणीसाठी कशाला पोसायचे. याचसाठी. आमच्या कोडला रोज उलटे धरून झटकणारे तेच एक यंत्र आहे. पोस्टग्रेसकडे स्वयंसेवकांनी चालवलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांचे बिल्ड फार्म (कोड सतत बांधून तपासणारा ताफा) आहे आणि डेबियन ही लिनक्स वितरणप्रणाली आपली पॅकेजे एस३९०एक्स, पॉवर आणि आता रिस्क-व्ही या नव्या प्रोसेसरसाठीही बांधते. तेव्हा यापुढे ‘आमचा डेटाबेस कुठल्याही प्रोसेसरवर चालतो’ असे कुणी मुलाखतीत सांगितले, तर आपल्या प्रतिनिधीने एवढे विचारावे: चाचण्या खऱ्या हार्डवेअरवर होतात का, कुठल्या कुठल्या, आणि त्यात देवनागरी मजकूर आहे का?

ज्या वाचकांच्या कार्यालयात हे स्थलांतर आधीच ठरले आहे त्यांनी फाइली किंवा प्रत उचलून नव्या यंत्रावर ठेवली असेल, तर मजकुरावरचे इंडेक्स तिथे नव्याने बांधून घ्यावेत. त्याआधी एकच मराठी नाव इंडेक्स वापरून आणि इंडेक्स बंद ठेवून असे दोन्हीकडून शोधून बघावे. मोठ्या टेबलावर इंडेक्स बांधायला रात्र जाऊ शकते, तेव्हा तो वेळ वेळापत्रकात आधीच मागून ठेवा.

आपली,
स्टोरेज इंजिनावर काम करणारी एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)