मदतीचे आवाहन : युद्धकाळातल्या अंकांची जाहिरातींची पाने

सर्व सभासद, हितचिंतक आणि बाहेरगावी स्थायिक झालेली आपली मंडळी यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाच्या माळ्यावर गावच्या साप्ताहिकाचे बांधीव खंड आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांतले १९३९ ते १९४५चे सात आणि १९६२, १९६५, १९७१चे तीन, असे दहा खंड आता उघडले की टेबलावर कागदाचा चुरा पडतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातच आम्ल तयार होते आणि कडेकडून आत कागद ठिसूळ होत जातो. एक पावसाळा आणखी गेला तर १९४२चा खंड सुट्या तुकड्यांच्या रूपातच उरेल. म्हणून या दहा खंडांची दुरुस्ती करून पानांचे फोटो घ्यायचे आहेत, त्यासाठी हे आवाहन.

‘जुनी रद्दी कशाला जपता’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. अग्रलेख आणि आघाडीवरच्या बातम्या पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आजही वाचायला मिळतात. शेवटच्या पानावरच्या जाहिराती आणि वर्गण्यांच्या याद्या मात्र फक्त आपल्याकडे आहेत. मार्च १९४२मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशचा तांदूळ आणि रॉकेल यायचे बंद झाले. त्यानंतरच्या अंकांत कंदिलाचा दुकानदार नवा कंदील खपवत नाही, जुन्याची काच आणि वात कशी जपावी ते सांगतो. १९४३मध्ये तांबे वाचवायला सरकारने भोकाचा पैसा काढला. त्या वर्षीच्या जाहिरातींत सुटे घेऊन येण्याची विनंती मालाच्या भावापेक्षा ठळक टाइपात आहे. त्याच पानावर साबणाच्या चौकटीखाली बंगालच्या दुष्काळग्रस्तांसाठी मदतीची हाक आहे. एप्रिल १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटानंतर भांडी आणि पांघरुणे गोळा करण्याची सूचना आहे, खाली कोणत्या आळीतून काय आले त्याची यादी. १९६२च्या संरक्षण निधीच्या यादीत एका ओळीत ‘बांगडी एक’ आणि पुढच्या ओळीत ‘नवे पैसे २५’. आपल्या आजी-पणजीचे नाव छापील अक्षरांत बहुधा या एकाच ठिकाणी असेल.

हे खंड आज आहेत ते ज्यांच्यामुळे, त्यांचे ऋण आधी सांगितले पाहिजे. छापखाना बंद करताना मालकीणबाईंनी ते रद्दीवाल्याला न देता दोन खेपांत हातगाडीवरून वाचनालयात पोचवले. हातगाडीचे भाडेही घेतले नाही. वेशीजवळच्या सुतार बंधूंनी सागवानी कपाटे केली, मजुरीचा एक रुपया न घेता, आणि तळाच्या फळ्या जमिनीपासून वीतभर वर ठेवल्या म्हणून आजवर वाळवी लागली नाही. कन्याशाळेच्या निवृत्त बाईंनी दोन उन्हाळे बसून १९४३च्या सगळ्या याद्यांची सूची हाताने लिहिली, रुपये-आणे-पै जशीच्या तशी ठेवून. (आणे मोडून दशांशात लिहिणाऱ्यांना त्या आजही रागावतात, आणि त्यांचे बरोबर आहे. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे हे हिशेबाला ठीक, पण यादीत चार आणेच दिले होते.)

आता काम कसे चालते ते. आधी मऊ कुंचल्याने धूळ, मग शिवण उसवून पाने सुटी. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू कागदाची पट्टी, कापून नव्हे तर हाताने फाडून, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ : एक भाग स्टार्च, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळायची, गार झाल्यावर दोनदा गाळायची. मैदा चालत नाही, त्यातल्या चिकट प्रथिनामुळे (ग्लूटेन) पट्टी कडक होते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात तेही नको. कीड लागत नाही हे खरे, पण मोरचुदातल्या तांब्यामुळे कागद लवकर सडतो. मग टिपकागदात दाबून पान वाळवायचे. फोटो घेताना पानामागे काळा कागद, नाहीतर मागची छपाई पुढे उमटते. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अख्खे पान एका फोटोत घेतले की याद्यांचा बारीक टाइप फुटतो, म्हणून प्रत्येक पानाचे दोन फोटो. एकूण सुमारे ३,३०० पृष्ठे आहेत. १९७१चे अंक प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याने अजून खुले नाहीत. ते वाचनालयात बसूनच पाहता येतील.

गेल्या गुढीपाडव्याला याच कामासाठी आवाहन केले होते. चार पाकिटे आली आणि सेलोटेपची डझनभर रिळे. रिळे देणाऱ्यांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि पट्टी काढताना अक्षरे घेऊन येतो. त्याच आठवड्यात चौकात वाढदिवसाचे किती फलक लागले होते ते आम्ही मोजले नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एक-एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. आम्ही त्याहून मोठे काही मागत नाही.

खर्च : खंडामागे १४,५०० प्रमाणे १,४५,००० रुपये, स्टँड, दिवे, दोन हार्ड डिस्क (एक गावाबाहेर राहील) मिळून ४०,०००. एकूण १,८५,०००, जमा ६१,०००, कमी १,२४,०००. रोख, धनादेश चालेल. पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. खाते क्रमांक वाचनालयाच्या फलकावर. वस्तुरूपाने हवे : टिपकागद, पांढरे सुती कापड, रुंद सुती नाडी, मऊ कुंचले, ५ मिमी जाडीची काच (कडा घासलेली). नको : सेलोटेप, फेव्हिकॉल, रबरबँड, लॅमिनेशनची ऑफर.

जुन्या ट्रंकेच्या तळाशी, फडताळात, तसबिरींच्या मागे त्या काळचे अंक अंथरलेले असतात. सापडले तर ओढून काढू नका, पाणी लावू नका, इस्त्री फिरवू नका. ट्रंकेसकट आणा, इथे काढून ट्रंक परत देऊ. सुटे पान दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट, घडी न घालता. निधीच्या पावत्या, शिधापत्रिका, १९७१चे निर्वासित मदतीचे पाच पैशांचे तिकीट लावलेली पाकिटे यांचेही फोटो घेऊन मूळ परत. जुनी दुकाने कुठे होती ते सांगणारे वडीलधारे हवेत. घरी येऊन लिहून घेऊ. सोमवार सोडून रोज सायं. ५ ते ७.३०. स्वयंसेवकांनी हात धुऊन, कोरडे करून यावे. हातमोजे नकोत, ठिसूळ कडा त्यांत अडकते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. मागच्या आवाहनातल्या चार पाकिटांपैकी एकावर नाव नव्हते, आत ५,००० रुपये होते. पावती तयार आहे, कृपया घेऊन जावी.