नेट बंदीचा कागद आमच्या फळ्यावर लावा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, निराधारांच्या पगारीचा अंगठा ही माझी रोजची कामं. रात्री केंद्र बंद केलं की आशियातल्या देशांतली माणसं आपापल्या सरकारबद्दल काय लिहितात ते वाचत बसतो. हे पत्र त्या वाचनातून आलं आहे, आणि आमच्या गावातल्या लिहित्या पोरांच्या काळजीतून.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतरवाली सराटीचं आंदोलन तापलं तेव्हा जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या तिन्ही जिल्ह्यांत पुन्हा तेच. माणसांची घरं जळत असताना प्रशासनाला धास्ती वाटली असेल तर ती रास्तच होती. पण नेट गेलं तरी अफवा पारावर फिरतच राहिली. ती खोटी आहे हे दाखवायला मात्र कुणाच्या हातात काही उरलं नाही.

त्या बंदीत शेजारच्या तांड्यावरून एक आजी निराधारची पगार उचलायला चालत आल्या होत्या. मशीनवर अंगठा ठेवायच्या, पदराला पुसायच्या, पुन्हा ठेवायच्या. आपल्याच अंगठ्याच्या रेघा झिजल्या असं त्यांना वाटत होतं. नेट बंद आहे म्हणून सांगितलं तर म्हणाल्या, "कुनी बंद केलं? कवर?" मला उत्तर देता आलं नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आदेश नव्हता, तलाठ्याकडे नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे, म्हणजे नागरिकाला कोर्टात दाद मागता येईल. पण जो आदेश दिसतच नाही त्याविरुद्ध त्या आजींनी दाद कशी मागायची?

दुसरी गोष्ट नोटिशींची. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या भागातली सोयाबीन पाण्याखाली गेली, नदीकाठची जमीन खरडून गेली. गावातल्या एका पदवीधर पोराने बांधावर उभं राहून व्हिडिओ केला : माती कुठवर गेली, पंचनामा कुणाचा झाला, कुणाचा राहिला. शिवी नाही, जातीचा उल्लेख नाही. चार दिवसांनी त्याला पोलिसांची कलम १६८ ची नोटीस आली, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली. जुन्या कायद्यातली १४९ ची, तीच. सुव्यवस्था बिघडली तर तुम्हाला जबाबदार धरू, असा मजकूर. ठाण्यात तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसून होता. त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "त्याचं ते खातं बंद करून टाका, भाऊ." मी केलं नाही. पण पोरगं आता लिहीत नाही.

त्याच महिन्यात नेपाळमध्ये काय झालं ते आपण पाहिलंत. ४ सप्टेंबरला सरकारने फेसबुक, यूट्यूबसह २६ समाजमाध्यमं बंद करायचा हुकूम काढला. पुढाऱ्यांच्या लेकरांचा थाट आणि स्वतःची बेकारी यावर तरुण पोरं तिथेच तर बोलत होती. ८ तारखेला ती काठमांडूच्या रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, कितीतरी जीव गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये आरक्षणाच्याच प्रश्नावर विद्यार्थी उठले, देशभरातलं नेट तोडलं गेलं. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. बोलायच्या जागा बंद केल्याने दोन्हीकडे राग घटला नाही, वाढला.

मला याहून जास्त लागतं ते मुश्ताक अहमद यांचं. बांगलादेशात मगरींची शेती करणारा हा लेखक. कोरोनाच्या सरकारी कारभारावर फेसबुकवर टीका केली म्हणून मे २०२० मध्ये पकडलं, जामीन पुन्हा पुन्हा नाकारला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी कोठडीतच प्राण सोडला. व्हिएतनाममध्ये 'मदर मशरूम' नावाने लिहिणाऱ्या दोन लेकरांच्या आईला २०१७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये पोलाद कारखान्याच्या विषारी पाण्याने किनाऱ्यावरची मासळी मेली, त्यावर ती लिहीत होती. मेलेली मासळी आणि वाहून गेलेली सोयाबीन यावर लिहिणारी माणसं मला एकाच घरची वाटतात.

आपला देश त्या वाटेने जाऊ नये. आपल्याकडे न्यायालयं आहेत. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्या प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या खटल्यातच मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, अशा ऑनलाइन लिखाणावर अटक करू देणारं ६६ अ कलम रद्द झालं.

आणि मराठवाड्याला हे सांगायची गरज नाही. निजामाच्या 'गश्ती निशान ५३' या फतव्याखाली परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. आ. कृ. वाघमारे 'मराठवाडा' पत्र काढत. बंदी आली की नाव बदलून नवा अंक काढत. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर जी भाषणं होतात, त्यांत या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं जावं असं मला फार वाटतं.

माझी मागणी मोठी नाही. नेटबंदीचा प्रत्येक आदेश, कारण, हद्द आणि मुदत लिहून, मराठीत, त्याच दिवशी तहसील आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याच्या २०२४ च्या नव्या नियमांतही आदेश प्रसिद्ध करायचं बंधन आहेच. बंदीतही रेशनचं मशीन, बँकेचा अंगठा आणि दवाखाना चालू राहील अशी सोय करावी. आणि पीक, पाणी, रस्ता, पंचनामा यावर लिहिणाऱ्या कुणालाही १६८ ची नोटीस काढू नये, असं लेखी परिपत्रक मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना पाठवावं. त्या पोराला दाखवायला त्याची एक प्रत मला हवी आहे.

आपला,
एक सेवा केंद्र चालक, जि. बीड