आयडलर पुली उभी करून देणाऱ्या लेथवाल्या काकांना

मिरजोळ्याच्या लेथवाल्या काकांना सप्रेम नमस्कार,

आमच्या जुन्या प्रीमियर ११८ एनई गाडीच्या एसीची आयडलर पुली, म्हणजे बेल्टला ताण देणारी मोकळी फिरणारी पुली, तुम्ही पुन्हा उभी करून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या प्रत्येकाला तुमचं काम बारकाईनं कळायला हवं.

या गाडीचं ११७१ सीसीचं निस्सान ए-१२ इंजिन टायमिंग चेनवर चालतं. त्यामुळे ताणाचा प्रश्न येतो तो बाहेरच्या व्ही-बेल्टचा, आणि एसी मागाहून बसवलेला असेल तर त्याच्या आयडलरचा. पुली तयार मिळत नाही म्हटल्यावर ‘बेअरिंग बदला, झालं’ असंच सगळे सांगतात. तुम्ही आधी बोअर, म्हणजे पुलीतलं बेअरिंग बसायचं भोक, मोजलात. बेअरिंग ६२०३, म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि रुंदीला १२ मिमी. बोअर निघाला ४०.०६ मिमी, म्हणजे बेअरिंगला सैल. आयडलरमध्ये स्टड (मधला खुंटा) स्थिर असतो आणि पुली फिरते, म्हणून घट्ट बसायला हवी ती बाहेरची रिंग. ती पुलीत घसरू लागली की नवं बेअरिंगही तापतं, ग्रीस सोडतं आणि पुन्हा ओरडू लागतं.

अशा वेळी बोअरच्या आत सेंटर पंचचे ठोके मारून बेअरिंग अडकवायची पद्धत आहे. त्यात रिंग चार-पाच टोकांवरच टेकते आणि दाबाखाली गोल राहत नाही. तुम्ही बोअर ४६ मिमीला उघडलात, त्यात पोलादी बुश (नळीसारखं कडं) प्रेसवर बसवलात आणि मगच तो आतून ३९.९८ ला फिनिश केलात. हा क्रम फार मोलाचा आहे, कारण आधीच मापात घेतलेला बुश दाबून बसवताना आतून आकसतो. बेअरिंग बाहेर येऊ न देणाऱ्या सर्क्लिपची (स्प्रिंगच्या कड्याची) खाचही त्याच सेटिंगमध्ये घेतलीत, ४२.५ मिमी व्यासाची, १.८५ मिमी रुंदीची. बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर दिलात. आतल्या रिंगवर दिलेला जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या वाटेवर, खळगे पडतात.

बेअरिंगही तुम्हीच सुचवलंत. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड नको, रबर सीलचं टू-आर-एस घ्या, आणि तेही सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असलेलं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात खालून उडणाऱ्या पाण्यात पत्र्याच्या फटीतून ओल शिरतेच. बाहेरची रिंग दाबून बसली की आतली मोकळीक कमी होते, वर इंजिनची उष्णता. म्हणून सी-३.

स्टडवरच्या बुशचं काम पाहून तर आम्ही थक्क झालो. बाहेरून १७ मिमी, बेअरिंगच्या आत जाणारी लांबी ११.८ आणि कॉलर (टोकाची रुंद कड) २३ मिमीची. लांबी १२ पेक्षा थोडी कमी असल्यानं नट आवळला की आतली रिंग पक्की धरली जाते, आणि कॉलर लहान असल्यानं ती सीलला घासत नाही.

ब्रॅकेटची खाच लांबट झाली होती, त्यामुळे आवळलेला बोल्ट आंबा घाट चढताना हळूहळू सरकायचा. तुम्ही ६ मिमी पट्टीचं नवं ब्रॅकेट केलंत आणि मागून ढकलणारा एम-८ चा बोल्ट दिलात. त्याचा एक फेरा म्हणजे १.२५ मिमी, त्यामुळे पान्यानं पुली उचकटत बसायला नको. पुली बेल्टच्या ढिल्या बाजूला राहील हेही पाहिलंत: इंजिनच्या क्रँक पुलीकडे खेचून येणारी बाजू ताणलेली असते, तिथून सुटून कॉम्प्रेसरकडे जाणारी ढिली. आणि गाळ्याची, म्हणजे बेल्ट बसायला व्ही-खाच असलेली, पुली बेल्टच्या आतून लावलीत. पाठीवरून दाबणारी लहान सपाट पुली व्ही-बेल्टला उलटा वाकवते आणि त्याला तडे जातात.

सरळ पट्टी पुलींच्या कडांना न लावता तुम्ही गाळ्यापासून गाळा मोजलात, कारण कॉम्प्रेसरच्या पुलीची कड जाड असते. फरक दीड मिमी निघाला, तेवढी वॉशर घालून काढलात. हे कुणी सांगितलं नसतं तर बेल्टची एकच बाजू झिजत राहिली असती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बेल्टच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्यानं दाबून सुमारे १० मिमी झोळ ठेवला आहे. नवा बेल्ट सुरुवातीला ताणतो, म्हणून वीसेक मिनिटं इंजिन चालवून, बंद करून पुन्हा पाहिला, आणि २०० किमीनंतर एकदा. पुलीला हात लावला तर कोमट लागते, आवाज नाही. ब्रॅकेटला जस्ताचा मुलामा देऊन घेतला आहे, बोल्टच्या आट्यांना अँटीसीझ (गंजून जाम होऊ न देणारं वंगण) लावलं आहे.

तुम्ही पुठ्ठ्यावर काढून दिलेलं मापांचं चित्र आम्ही जपून ठेवलं आहे. तुमची हरकत नसेल तर त्याच्या प्रती इतर ११८ एनईवाल्यांना देऊ. कणकवलीहून दोघे त्यांच्या पुली घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. जुनं बेअरिंग न काढता तसंच आणा, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.

तुमचे ऋणी,
रत्नागिरीचे ११८ एनईवाले