कंगव्याचं नाव आणि चष्म्याचा निरोप

मा. आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघातातून वाचलेल्या माणसाच्या कागदावर 'वाचा' या शब्दापुढे दोन चौकटी असतात: ठीक आणि बाधित. एकीत खूण करायला अर्धं मिनिट पुरतं. पुढे थेरपी किती मिळणार, कामावर परत घेणार की नाही, सह्या कोण करणार, हे बरंचसं त्या खुणेवर ठरतं. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. त्या चौकटी बदला, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांसमोर मी कंगवा धरला. "हे काय?" हात केसांकडे गेला, "ते... ते... असं," म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. गुण शून्य. मी कागद आवरू लागले, तोच बायकोकडे वळून म्हणाले, "चष्मा... टेबल. राहिला." तीनच शब्द, पण निरोप पोचला. माझ्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. बोलणं धबधब्यासारखं, हेल आणि चढउतार जिथल्या तिथे. शब्द मात्र भलतेच, काही तर कुठल्याच भाषेत नसलेले. आधीच्या कागदावर नोंद होती: 'वाचा ठीक, रुग्ण गोंधळलेली.' गोंधळलेल्या त्या नव्हत्या. वाचाघाताचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडण्याचा, हा प्रकार जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी १८७४ मध्येच मांडला होता. त्याआधी १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी 'टॅन' एवढाच उच्चार उरलेल्या रुग्णाची हकिगत सांगितली होती. म्हणजे वाचाघात एका साच्याचा नसतो, हे दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

वस्तूंची नावं विचारणं वाया जात नाही; शब्द कुठे अडतो ते त्यातून कळतं. पण माणूस दिवसभर वस्तूंची नावं घेत हिंडत नाही. तो सांगतो, विचारतो, भांडतो. म्हणून सलग बोलणं ऐकायला हवं: चित्राचं वर्णन, एखादं काम कसं करतात ते, आजारपणाची हकिगत. ते मोजताही येतं. निकोलस आणि ब्रुकशायर या संशोधकांनी १९९३ मध्ये त्याची रीत दिली. शब्द समजतो का, विषयाला धरून आहे का, बरोबर आणि नवी माहिती देतो का, हे पाहायचं. मग असे शब्द एकूण बोलण्यात किती टक्के आणि मिनिटाला किती, ते काढायचं. व्याकरण मोडलं तरी शब्द बाद होत नाही. मास्तरांचे तिन्ही शब्द इथे जमेस धरले गेले असते.

अडचण आहे वेळेची. काही मिनिटांचं ध्वनिमुद्रण 'अं', 'हं' आणि अर्धवट शब्दांसकट उतरवायला तास सहज जातो, आणि बाहेर रांग असते. मग आम्ही कंगवाच उचलतो. मीही.

चित्रही जपून निवडावं लागतं. वाचाघाताच्या बोस्टन चाचणीतलं प्रसिद्ध चित्र घ्या: सिंक भरून वाहतंय, मुलगा कलत्या स्टुलावर चढून बिस्किटं चोरतोय. ज्यानं तसं स्वयंपाकघर कधी पाहिलेलंच नाही, तो अडखळला तर दोष मेंदूतल्या इजेचा की चित्राचा? शिवाय दोन-तीन भाषा बोलणाऱ्याची तपासणी एकाच भाषेत उरकतात, तीही बहुधा तपासणाऱ्याच्या सोयीच्या. द्विभाषिकांसाठी भाषाशास्त्रज्ञ परादी यांची वाचाघाताची चाचणी १९८७ पासून आहे.

तेव्हा मंत्रिमहोदय, त्या दोन चौकटींच्या जागी सलग बोलण्याच्या नमुन्याची नोंद सक्तीची करा, माणूस घरी बोलतो त्या भाषेत. तो उतरवण्याचा वेळ कामाचे तास म्हणून धरा. पहिल्या काही आठवड्यांत बोलणं झपाट्यानं बदलतं, म्हणून तेव्हाचे गुण कायमचे मानू नका. काही महिन्यांनी पुन्हा ऐका. आणि घरच्यांना विचारायला एक रकाना ठेवा. चष्म्याचा निरोप पहिल्यांदा त्यांनाच मिळतो.

मास्तर पुढच्या महिन्यात परत येतील. कागद तोच असेल. ते जे बोलतील ते मी समासात लिहून ठेवणार आहे.

आपली,
एक वाचा-उपचारतज्ज्ञ