तीन गोळ्यांच्या कागदावर जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या रविवारच्या पानावर एका हौशी नेमबाजाची हकीकत आली होती. नवीकोरी बोल्टची रायफल घेतली, रेंजवर गेलो, तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या, असं त्यात होतं. सोबत कागदाचा फोटो. अंतर किती, रायफल कशावर टेकवली होती, त्याआधी किती काडतुसं उडवली, यातलं एक अक्षर नाही.

मी १९८३ साली बेळगावच्याच सेंटरला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, सुभेदार म्हणून घरी आलो. निम्मी नोकरी पोरांना नेम शिकवण्यात गेली. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, तीन गोळ्यांचं कौतुक सांगणाऱ्या रिक्रूटला आमचे उस्ताद जे म्हणायचे ते आपल्याला छापता येणार नाही.

आता राहतो जांबोटीच्या अलीकडं. माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी पिकाच्या राखणीसाठी ३१५ बोअरची रायफल घेतली. त्याच्या रानात रताळी आणि ऊस, म्हणजे रानडुकरांना आवतणच. (राखणीच्या परवान्यावर जनावर मारता येत नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. हे त्याला तीनदा सांगून झालंय.) आमच्याकडची रीत अशी, की बंदूक घरात आली की बांधावर डबा मांडायचा. डबा उडाला की बंदूक झकास! अहो, पण डब्यातून निघालेली गोळी पुढं कुठं गेली? मागं मातीचा बट, म्हणजे गोळी अडवणारा ढिगारा, नसेल तर ती किलोमीटरभर पलीकडं कुणाच्या तरी गोठ्यात जायची. म्हणून ओळखीनं, रीतसर परवानगी काढून, त्याला एका रेंजवर घेऊन गेलो.

डिसेंबरची सकाळ, वारा नाही. तांदळाच्या दोन पिशव्यांत वाळू भरून नेली होती. एक पुढच्या लाकडाखाली, एक दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाखाली. नळी पिशवीवर टेकवायची नाही, लाकूड टेकवायचं. पहिली गोळी मी मोजलीच नाही, कारण नळीत तेल होतं आणि तेलकट नळीची पहिली गोळी बहुधा फटकून जाते. मग ५० मीटरवरून तीन झाडल्या. तिन्ही चार सेंटिमीटरच्या आत! भाच्यानं लगेच मोबाईल काढला. म्हटलं, थांब, अजून दोन झाड की. चौथी वर गेली, पाचवी त्याच्याही वर. ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, झाला नऊ सेंटिमीटरचा. मोबाईल खिशात गेला.

"मामा, चाप ओढताना माझा हात हलला काय?"

हात हलला नव्हता. मी बसलो तरी गोळ्या तशाच शिडी चढत गेल्या. अशी शिडी दिसली की आधी नळी आणि लाकूड यांच्यामधली फट बघावी. दहाची नोट घडी न करता नळीखालून सरकवली, ती उजवीकडं अडली. आमच्या खानापूर तालुक्यातला पाऊस आपल्याला ठाऊकच आहे, आणि पठ्ठ्यानं चार महिने रायफल माळ्यावर ठेवलेली. लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. नळी तापली की फुगते, एका अंगानं दाबली गेली की दुसरीकडं झुकते. शिवाय एक स्क्रू अर्धा आटा ढिला. त्यात कारखान्याचा काय दोष? लाकूड परवानाधारक कारागिराकडून तासून घेतलं, स्क्रू आवळले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो.

या वेळी १०० मीटर. पाच-पाचचे तीन ग्रुप, आणि दोन ग्रुपांच्या मध्ये नळीला हात लावून ती गार वाटेपर्यंत चहा. काडतुसं एकाच लॉटची (कारखान्यात एका वेळी बनलेली), लॉटचा नंबर वहीत. मागच्या खेपेला दोन लॉटांची मिसळ झाली होती हे घरी आल्यावर कळलं, ती चूक माझीच. तिन्ही ग्रुप बारा सेंटिमीटरच्या आसपास आले. एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९ मिलिमीटर होतो. त्या हिशेबानं आमची रायफल चार मिनिटांची. दुर्बीण न लावता उघड्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, नेम धरणाऱ्या राखणीच्या रायफलीला एवढं पुष्कळ झालं.

तीन गोळ्यांनी हे का कळत नाही? रायफल तीच, माणूस तोच असला तरी पाचांचा ग्रुप सरासरीनं तिनांच्या ग्रुपापेक्षा सव्वापट मोठा येतो, दहांचा पाचांपेक्षा पुन्हा जवळजवळ सव्वापट. तिनांचे दहा ग्रुप काढले तर एखादा नशिबानं बराच लहान निघणारच. तो कागद भिंतीवर आणि बाकीचे नऊ चुलीत!

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून नेम) कांस्यपदक आणलं. त्या खेळात दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. त्या दर्जाचे नेमबाज रायफल शिकंजात पकडून एकेका लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि मगच लॉट निवडतात. त्यांना तीन गोळ्या पुरत नाहीत आणि आम्हाला पुरतात!

शेतकऱ्यासाठी तर ग्रुपाहून मोठी गोष्ट आहे ती गार नळीची पहिली गोळी. रात्री मचाणावर बसलेल्या माणसाला नळी तापवायला कोण सवड देतो? भाच्याचं आता तेच चाललंय. तेल पुसून एका रविवारी एकच गोळी, कागद तोच, भोकापुढं तारीख. निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा करून परत आणली की ही वही पुन्हा पहिल्या पानापासून. बंदुकांच्या ढिगात माशीला कधी धक्का लागला ते कुणाला कळतं?

तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली एवढं जरूर छापा: अंतर, टेकू, गोळ्या किती, आणि त्या दिवशीचे बाकीचे कागद कुठं आहेत.

आमच्या कागदावर चार भोकं झालीत. तिसरं डावीकडं गेलंय, ते का, हे अजून उमगलेलं नाही. पाचवी गोळी येत्या रविवारी.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, ता. खानापूर
(नाव छापू नये ही विनंती. भाचा चिडेल.)