अहिराणी बंद करू नका

महोदय,

जूनमध्ये शाळा भरल्या की पंधरवड्यात एक सल्ला हमखास ऐकू येतो: मूल बोलत नाही, घरी अहिराणी आणि शाळेत मराठी म्हणून गोंधळले आहे, तर घरची अहिराणी बंद करा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना तो शिकलेली माणसेही देतात. सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही, वाढतही नाही. तोटा मात्र नक्की होतो. प्रमाण मराठी जमत नाही म्हणून आजी-आजोबा नातवाशी बोलायचेच थांबतात. ज्या मुलाशी आधीच कमी बोलले जाते, त्याची एवढी बोलती माणसेही जातात.

त्याऐवजी वर्गशिक्षकांनी घरचे दहा शब्द लिहून घ्यावेत. पाणी, लघवी, भूक, दुखणे, ‘आठे ये’ (इकडे ये). शब्दासोबत दाखवायचे चित्रकार्ड मात्र दोन्हीकडे एकच हवे. शाळेत पाण्यासाठी नळ आणि घरी पेला दाखवला, तर मुलाच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी. सूचना दोन-तीन शब्दांची, एकदाच द्यावी आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. आपण तिसऱ्या अंकालाच तेच वाक्य फिरवून सांगतो. मुलाला पुन्हा पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो. ‘ऐकत नाही’ हा शेरा बहुतेक वेळा इथूनच येतो.

दिवसभराचे चित्रवेळापत्रक अनेक शाळा हौसेने करतात आणि फळ्याच्या वर टांगतात. तिथे ती शोभा. सुरुवात दोनच चित्रांनी करावी: आधी लेखन, मग खेळ. चित्रांची पट्टी मुलाच्या बाकावर, काम झाले की चित्र त्यानेच काढायचे. हे जमले की चार-पाच चित्रांपर्यंत जावे. तास बदलणार असेल, तर ते चित्र सकाळीच बदलावे.

परिपाठाच्या भोंग्यासमोर कान झाकणारे मूल हट्टी नसते, त्याला तो आवाज खरोखर सहन होत नाही. रांगेच्या शेवटी, भोंग्यापासून दूर उभे करा. घंटेआधी दोन मिनिटे सांगा. तरीही उद्रेक झाला तर प्रश्न विचारू नका, धरून ठेवू नका. इतर मुलांना बाजूला करून त्याला शांत जागी न्या. दटावणी म्हणजे आणखी आवाज. घरी कानबाई देवीच्या मिरवणुकीलाही हेच लागू. वाजंत्रीपासून दूर, आणि परतीची सोय आधीच ठरलेली.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून बोलावता येतात. मुख्याध्यापकांनी त्यासाठीचे पत्र जूनमध्येच द्यावे. सहामाही परीक्षेत मूल रडल्यावर नव्हे.

– एक विशेष शिक्षिका, चाळीसगाव